दारावरची दोन नावं
खरी गाडी भंगारात गेल्यावर नवऱ्यानं तिचं वीतभर मॉडेल बनवलं. आता दारावर आमची नावं चिकटवायची होती. शर्यतीत गाडी तो चालवायचा, नकाशा मी वाचायचे. मॉडेलच्या मापाचे स्टिकर दोनच, एकेका नावाचा एक, त्याच काळातले, पिवळे पडलेले. असले स्टिकर पाण्यात बुडवून कागदावरून सोडवतात, पण जुन्यांचा भुगा होतो. म्हणून एक आधी बुडवून बघायचा; तुटलाच, तर दुसऱ्यावर वार्निश मारून तो वाचवायचा. नवरा टेबलाभोवती येरझाऱ्या घालत होता. “माझं टाक,” मी म्हटलं, “नकाशावालीला कोण विचारतं?” “गप्प बस.” तो चिमटा उचलायचा, ठेवायचा, पुन्हा चालू लागायचा. शेवटी एक नाव पाण्यात पडलं आणि तुकडे तरंगले. मी वाकून पाहिलं. त्याचंच होतं. “आता गाडी कोण चालवणार?” “तूच,” म्हणत तो अखेर खुर्चीत टेकला. “पण रस्ताही तूच सांग. मला नकाशा कुठं वाचता येतो?”