चुन्याखालचा संत

तिसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला चुन्याखालून एक गुडघा निघाला.

अनुया शिडीवरून उतरली नाही. तिनं नुसतं खाली पाहून सांगितलं, "काका, माणूस आहे. मोठा आहे." पहिल्या बाकावर बसलेले रेव्हरंड जयंत हिवाळे उठले आणि परत बसले. चर्चची देखभाल पाहणाऱ्या वॉर्डन डॉरीनबाईंनी चहाचा ट्रे होता तिथंच फरशीवर ठेवला आणि त्या रडायला लागल्या.

इंग्लंडमधल्या लेस्टरपासून चाळीस मिनिटांवरचं हे गाव. रविवारच्या उपासनेला अकरा माणसं, त्यातल्या दोघांना ऐकू येत नाही. सप्टेंबरअखेर चर्च बंद करून विकायचं, असं वरून, बिशपच्या कचेरीतून, पत्र आलं होतं. हिवाळ्यांचं आधीचं चर्च असंच विकलं गेलं. तिथं आता लोक कमरेला दोर बांधून भिंतीवर चढायची हौस भागवतात, आणि वेदी होती त्या जागी केळ्याची स्मूदी मिळते. मूळच्या नगरच्या या पाळकांनी ते एकदा जाऊन पाहिलं होतं. दुसऱ्यांदा पाहायची त्यांची तयारी नव्हती.

म्हणून केंब्रिजहून अनुयाला बोलावलं. जुन्या भिंतींवरची झाकलेली चित्रं मोकळी करणं हे तिचं काम. जन्म इंग्लंडातल्याच रीडिंग गावचा, मराठी बोलायला आईच्या धाकानं शिकलेली. हिवाळ्यांनी पहिल्याच दिवशी तिला सगळा इतिहास ऐकवला. पावणेपाचशे वर्षांपूर्वी नऊ वर्षांचा एडवर्ड इंग्लंडच्या गादीवर बसला, आणि पोराच्या नावानं थोरांनी हुकूम सोडला की चर्चमधल्या मूर्ती काढा, संतांची चित्रं नाहीशी करा. गावोगाव चुन्याच्या बादल्या फिरल्या. दारासमोरच्या भिंतीवर बहुधा संत ख्रिस्तोफर असायचा, खांद्यावर बाळ येशूला घेऊन नदी ओलांडणारा. सकाळी त्याला पाहिलं की त्या दिवशी अवचित मरण येत नाही, अशी लोकांची समजूत. तेव्हा इथं असलाच तर तो या उत्तरेच्या भिंतीवरच असणार.

"गंमत म्हणजे त्या लोकांनी मदतच केली," अनुया म्हणाली. "चुना लावला म्हणून चित्र राहिला. खरवडला असता तर संपला असता."

"राहिलं. संपलं असतं," हिवाळ्यांनी दुरुस्त केलं.

पुढच्या दोन आठवड्यांत गुडघ्याला मांडी जोडली गेली, मांडीला अंगरखा, अंगरख्याला दाढी. शेवटी खांद्यावरचं बाळ आलं, टपोऱ्या डोळ्यांचं. स्थानिक पेपरात फोटो छापून आला. रविवारच्या अकराचे चौसष्ट झाले. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरून एक मराठी कुटुंबही येऊन गेलं. त्यांच्यातल्या आजी चपला बाहेर काढून आत आल्या, आणि डॉरीनबाईंनी त्या चपला उन्हात जोडीनं लावून ठेवल्या. वरूनही नवं पत्र आलं. चित्र अस्सल ठरलं तर विक्रीचा विचार सोडून देऊ, तज्ज्ञांचा अहवाल पाठवा.

एका शनिवारी अनुया आली ती हत्यारांची पेटी न घेताच. हिवाळ्यांच्या शेजारी बाकावर बसली. बराच वेळ डॉरीनबाईंच्या केकविषयी बोलत राहिली.

मग म्हणाली, "लॅबचा रिपोर्ट आला. बाळाच्या डोळ्यातल्या पांढऱ्या रंगात टायटॅनियम आहे. तो रंग दीडशे वर्षांपूर्वी कुठंच मिळत नव्हता, काका."

हिवाळ्यांनी विचारलं, आणखी कुणाला ठाऊक आहे का. कुणालाच नव्हतं. पण सोमवारी तिला अहवाल पाठवावाच लागणार होता.

तेव्हा त्यांनी सांगून टाकलं. वडील नगरला दुकानांच्या पाट्या रंगवायचे, हात त्यांच्याकडून आलेला. चर्च बंद होण्याची कुजबुज सुरू झाली आणि पाठोपाठ लॉकडाउन आला. दाराला कुलूप, किल्ली यांच्या खिशात. गेरू, पिवडी, काजळी सगळं घरी घोटलं. डोळ्यांपुरती तेवढी दुकानातल्या पांढऱ्या रंगाची एक ट्यूब वापरली. वर चुन्याचे सात हात दिले, प्रत्येक हात चहाच्या पाण्यानं जुना केला.

"खोटं केलं, कबूल," ते म्हणाले. "पण कुणाचं काही नासवलं नाही. त्या भिंतीवर काही नव्हतंच. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली नोंद आहे, उत्तरेचं प्लॅस्टर सगळं नवं केलं म्हणून."

"नोंद वाचलीत. भिंत तपासली?"

"कोऱ्या भिंतीत काय तपासायचं? जुना चुना खरवडून काढला आणि लागलो कामाला."

अनुया उठून भिंतीपाशी गेली. मग तिनं विचारलं, तो खरवडलेला चुना कुठं टाकला. टाकला नव्हता. एवढा चुना रस्त्यावरच्या राडारोड्याच्या पेटीत, स्किपमध्ये, दिसला असता तर गावानं शंभर प्रश्न विचारले असते. चार पोती घंटेच्या मनोऱ्याखाली तशीच पडून होती. हिवाळ्यांनी त्यातलं एक स्वतः ओढत आणलं. निदान या एका बाबतीत आपण निर्दोष आहोत, हे तिला दाखवायची त्यांना जरा घाईच झाली होती.

तिनं दारातल्या उजेडात चादर पसरली आणि पोतं हलकेच ओतलं. तळहाताएवढ्या पांढऱ्या खपल्या. हातमोजे घालून ती एकेक उलटी करून पाहू लागली. हिवाळे कमरेवर हात ठेवून उभे होते. आठ-दहा खपल्या तिनं बाजूला सारल्या. मग एक वेगळी ठेवली. मग तिला लागून दुसरी. मग तिसरी.

"काका, चष्मा लावा," ती म्हणाली.

खपल्यांच्या पाठीला, चुन्याला घट्ट चिकटून निघून आलेला, गेरूचा जुना रंग होता: एका भल्यामोठ्या पावलाची पाच बोटं, त्यांच्याभोवती नदीच्या लाटा, आणि बोटांमधून निसटून जाणारा एक मासा.