सातवा नंबर

“बाबांना यातलं काही सांगू नका,” ती डॉक्टरांना म्हणाली. हे ती तिसऱ्यांदा सांगत होती.

डॉक्टरांनी फाईल मिटली. “ते मला रोज विचारतात. मी म्हणतो, मुलीला विचारा. पण आता आठवड्यांची गोष्ट राहिलेली नाही, दिवसांची आहे. यकृत जवळजवळ संपलंय. कुणाला बोलवायचं असेल, तर बोलवून घ्या.”

बोलवण्यासारखं एकच माणूस होतं. आत्या. आईच्या आजारपणात ती काहीतरी लागेल असं बोलली आणि बाबांनी सख्ख्या बहिणीशी अबोला धरला, त्याला अकरा वर्षं झाली. हल्ली बाबा एकदोनदा म्हणाले होते, “बरा झालो की मीच जाऊन येतो तिच्याकडे. घाई काय आहे?” ते ऐकलं की ती विषय बदलायची. आत्याला बोलवावं, तर कशासाठी ते बाबांना सांगावं लागणार. न बोलवावं, तर... पुढचा विचार ती करायचीच नाही.

आणि नशीब तरी कसं, बाबांच्या यकृतात शिरलेल्या विषाणूवरच ती काम करत होती. वनस्पतींमधल्या चाळीस हजार रेणूंची यादी होती. संगणकात विषाणूच्या एका प्रथिनाचा आकार होता, आणि त्या आकारातल्या खाचेत एकेक रेणू बसवून बघायचा. जो घट्ट बसेल, त्याला वरचा नंबर. वरचे वीस शुक्रवारी खऱ्या तपासणीला प्रयोगशाळेत जाणार होते. त्यातून औषध निघालंच, तर दहाएक वर्षांनी. बाबांनाही ते ठाऊक होतं, पण दोघंही त्याबद्दल बोलत नसत.

बाबांनी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं. ती सहा वर्षांची असताना त्यांनी अंगठा मुडपून तिला पंजा दाखवला होता. “कार्बनला हात चारच. पाचवा मागितलास तर रुसतो.” हा विनोद त्यांनी वर्गात इतका वापरला, की पोरं त्यांना ‘चार हात सर’च म्हणायची. परीक्षेत कॉपी करणाऱ्यावर मात्र ते कधी ओरडले नाहीत. शेजारी जाऊन बसायचे आणि एखादा साधा प्रश्न विचारायचे.

गेल्या सोमवारी त्यांनी तिला कामाबद्दल खोदून खोदून विचारलं. “तुझा संगणक बरोबर सांगतो, हे कशावरून?”

“आम्ही यादीत मुद्दाम खोटे उमेदवार घालतो, बाबा. खाचेत बसणार नाहीत हे आधीच माहीत असलेले. त्याने अशा एखाद्या खोट्याला वरचा नंबर दिला, तर मग त्या यादीतलं काहीच खरं मानायचं नाही.”

“काहीच नाही?”

“एकसुद्धा नाही. सगळी यादी कचऱ्यात.”

“कडक आहे बाई तुमचं,” बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चार घड्या घातलेला एक कागद तिच्या हातात ठेवला. “माझाही एक उमेदवार घे. कॉलेजात असताना एका मुळीतून काढला होता. तेव्हा कुणी ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही.”

कागद पर्समध्ये गेला, तो गेलाच. आधी मशीन मोकळं नव्हतं. मग अर्धी यादी पुन्हा चालवावी लागली. पण खरं कारण तिचं तिला माहीत होतं. बाबांचा रेणू नापास झाला, तर ते त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं? त्यापेक्षा कागद न उघडलेलाच बरा.

डॉक्टरांकडून ती थेट खोलीत आली, तेव्हा बाबा उशीला टेकून बसले होते. डोळे पिवळेधमक झाले होते.

“लागला का माझा निकाल?”

तिने ग्लासात पाणी ओतलं. ग्लास आधीच भरलेला होता, थोडं सांडलं.

“लागला. सातवा नंबर.”

पहिला म्हटलं असतं तर त्यांना शंका आली असती. सातवा कसा, खरा वाटतो.

“चाळीस हजारांत सातवा?”

“हो ना. आम्ही सगळे बघतच राहिलो.”

“आणि मशीनने काही कुरकुर नाही केली? घेतला लगेच?”

“लगेच घेतला. काहीच अडचण आली नाही.”

“बरं,” बाबा म्हणाले. “आणि डॉक्टर काय म्हणाले?”

“सूज उतरतेय म्हणाले. महिन्याभरात घरी सोडतील.” तिचा आवाज जराही हलला नाही. आता सवयच झाली होती, आणि त्या सवयीची तिला लाज वाटली.

“बरं.” बाबा सावकाश पलंगाच्या कडेला सरकले आणि शेजारी तिला बसायला जागा केली. “माझा तो कागद आहे का गं जवळ?”

पर्सच्या तळातून तिने तो काढला. घड्या होत्या तशाच होत्या.

“उघड ना. चित्र नीट जमलं होतं का, बघू.”

तिने कागद उघडला. फळ्यावर उमटायची तीच ठसठशीत रेघ, फक्त शिसपेन्सिलीतली. एक सहा कोनांची कडी आणि तिला जोडलेली लांब साखळी. साखळीच्या मधोमध एक कार्बन जरा मोठा काढला होता. त्याच्यातून निघालेले हात तिने मोजले. मग बोट ठेवून पुन्हा मोजले. पाच.

बाबांनी कागद तिच्या हातातून घेतला आणि होता तसा घडी घालून उशीखाली ठेवला.

“आत्याला फोन लाव,” ते म्हणाले. “लांबून यायचंय तिला, आजच निघ म्हणावं.”