वरच्या कडीचं कुलूप

सकाळचे ऊन अजून कोवळे होते. समोरच्या इमारतीच्या टाकीवरून ते आधी गच्चीच्या कठड्यावर आले, मग वाळत घातलेल्या चादरीतून गाळून निघाल्यासारखे जिन्याच्या जाळीत शिरले आणि कुणाची झोप मोडू नये अशा बेताने एकेक पायरी खाली उतरत राहिले. भिंतीचे पोपडे, कुणीतरी खडूने काढलेले घर, फुटक्या कुंडीतले तग धरून राहिलेले रोप. त्या उन्हात सगळेच क्षणभर जपून ठेवावेसे वाटत होते. तपासनीस खालच्या पायरीशी थांबून पाहत राहिला. त्याला घाई नव्हती. खोटे पकडायला निघालेल्याने घाई करायची नसते.

तो दारात उभा राहिला की खोटे आजारी आपोआप बरे होतात, अशी भत्ता कार्यालयात त्याची ख्याती होती. आज निघताना हेडक्लार्कने हाक मारली होती. “अहो, दोघं भाऊ आहेत तिथं. मनोरुग्णाचा भत्ता एकालाच आहे. फोटो तरी बघून जा.”

“फोटो बघून जाणारे फसतात,” तो म्हणाला होता. “मी माणूस बघतो.”

जिन्याखालच्या इस्त्रीवाल्या बाईंनी तर विचारायच्या आधीच सुरुवात केली. “तिसऱ्या मजल्यावरचे ना? धडधाकट आहेत दोघंही! एक निदान रोज बूट-टाय घालून खिडकीत दिसतो. दुसऱ्याला अंघोळीचासुद्धा कंटाळा. मध्ये एकाला पोलिसांनी पुलावरून पांघरुणात गुंडाळून आणलं. तेही नाटकच हो, भत्ता वाढवून घ्यायला! आम्ही आपलं दिवसभर तापल्या इस्त्रीपुढे. आम्हालाही लागू दे की वेड, म्हणावं!”

तपासनीस मनापासून हसला आणि जिना चढला.

दार उघडायला वेळ लागला. खालची कडी, मधली कडी आणि सर्वांत वरच्या कडीला चक्क कुलूप. उघडणाऱ्याची दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, सदऱ्याची बटणे वरखाली लागलेली. किल्ली त्याच्या गळ्यात दोऱ्याला होती.

“पाणी खात्याकडून आलोय. नळ बघायचेत.” खरे सांगून आत शिरणे तपासनिसाच्या पद्धतीत बसत नसे.

दाढीवाल्याने त्याला आत घेतले, कुलूप लावले, ओढून पाहिले. दोन पावले जाऊन परत आला, पुन्हा ओढून पाहिले. कुलपे ओढून पाहणारे तपासनिसाने पुष्कळ पाहिले होते. हे सोंग हल्ली फार चालते.

खिडकीतल्या उन्हात दुसरा भाऊ बसला होता. गुळगुळीत दाढी, टाय, मांडीवर बॅग. पायावर पाय टाकल्यामुळे बुटाचा तळ दिसत होता, दुकानातून आत्ताच आणल्यासारखा कोरा. वस्तू जपणारा माणूस, तपासनिसाने मनात टिपले.

“या, बसा ना,” तो मोकळेपणाने म्हणाला. “पाण्याला जोर नाही आमच्याकडे. त्यात दादाची ही अशी अवस्था. रात्र रात्र माझ्या उशाशी जागा बसतो. सांगून सांगून थकलो.”

“अवघड असतं हो घरात.”

“चालायचंच. आपलंच माणूस ना.”

न्हाणीघराच्या दाराला आतून कडी नव्हती. स्वयंपाकघरात दाढीवाला चमच्याच्या कडेने उकडलेले बटाटे चिरत होता.

“सुरी नाही वाटतं?”

“हरवली.”

सुरीची भीती! हाही पाठ केलेला धडा. पण मग त्याने वाटीत सकाळच्या गोळ्या काढल्या. न अडखळता, एकीचे नखाने नेमके दोन तुकडे करून. वेडा माणूस असा हिशेबी नसतो. शेवटची परीक्षा म्हणून तपासनीस म्हणाला, “आमची ही म्हणते, लोकांचे नळ बंद करता, आपलं तोंड तेवढं बंद करत नाही.”

दाढीवाला हसला. थकलेले, पण अगदी वेळेवर आलेले हसू. तपासनिसाचा निकाल लागला.

“चला, ऑफिसला उशीर होतोय,” बाहेर टायवाला उठला. “पूल ओलांडला की समोरच. पण दादा सोडेल तर ना!”

दाढीवाला वाटी टाकून धावला. “आज सुट्टी आहे ना रे राजा. बस जरा.”

“बघितलंत? रोज हेच.”

“पुरे झालं!” तपासनीस मध्ये उभा राहिला. “मी भत्ता कार्यालयातून आलोय. नाटक संपलं. भत्ता आजपासून बंद.”

दाढीवाल्याचा चेहरा पांढरा पडला. “साहेब, जरा आत येता? त्याच्यासमोर नको.”

“का? भावासमोर लाज वाटते?”

“तसं नाही हो. त्याच्या जिवाला लागेल.”

“लागू दे. त्याला कोंडून ठेवताना नाही वाटलं काही?” तपासनिसाने त्याच्या गळ्यातला दोरा काढून घेतला, किल्ली टायवाल्याच्या हातावर ठेवली आणि झेपावणाऱ्या दाढीवाल्याला दोन्ही खांदे धरून खुर्चीत दाबून ठेवले. हाताला तो फार हलका लागला. “जा तुम्ही. तुमच्यासारख्या कष्टाळू माणसांच्या जिवावर तर चाललंय सगळं.”

“उपकार झाले, साहेब,” टायवाल्याचे डोळे भरून आले. “किती वर्षांनी कुणीतरी माझं ऐकलं.”

कुलूप उघडले. कोरे बूट करकरत जिना उतरू लागले. तपासनिसाने समाधानाने हात सैल केले, तसा दाढीवाला उसळून उठला आणि अनवाणीच दाराकडे धावला. उंबऱ्यात, ऐन उन्हात, तो क्षणभरच वळला.

“मी बरा आहे, साहेब. आजारी तो आहे.”