रतिलालच्या नावाची मूठ

घरात शिरताना माणूस चपला काढतो, तशी भाषणाची भाषाही दाराबाहेर काढून यावी, एवढी साधी गोष्ट मंजुळाबाईच्या धाकट्याला कळत नव्हती. आमदारकीचा अर्ज भरल्यापासून रतिलाल सख्ख्या आईशीही माइकपुढे उभा असल्यासारखा बोले. माय म्हणायचं सोडून आई म्हणू लागला होता. म्हणे, पेपरवाले सोबत असतात.

उद्या घरात कानबाई देवी बसायची होती. सोनगीरच्या घरात सगळे भाऊबंद जमले होते, देवीच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू मोजायला. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. कोणी सुरतेला असो की चाळीसगावला, त्याची मूठ पडायचीच. त्या पिठाचे रोट घरच्यांनीच खायचे. परक्याला तुकडा द्यायचा नाही. मोजणारा हात मंजुळाबाईचा. तिला अक्षर येत नव्हतं, पण घरातली अडतीस नावं तिच्या तोंडावर होती.

दाराशी जीप थांबली. रतिलाल उतरला. ड्रायव्हर भिकन उतरला नाही, आरशात बघून केस विंचरत बसला. त्याला बघताच वच्छला भिंतीला चिकटली. वच्छला म्हणजे मंजुळाबाईची विधवा सून, थोरल्या नथ्थूची बायको. हायवेच्या स्टँडवर तिची पापडांची टपरी होती. चार दिवसांमागे तिन्हीसांजेला ती टपरी बंद करत असताना याच भिकनने तिला आत ओढलं होतं. ती ओरडली, माणसं धावली. फाटल्या बाहीनेच ती चौकीत गेली आणि तक्रार देऊन आली. मनगटावरचे वळ अजून हिरवे होते.

रतिलाल मधोमध बसला. न विचारताच बोलू लागला.

"आपले मुद्दे चारच." त्याने करंगळीपासून एकेक बोट दुमडायला सुरुवात केली. "छोट्या धंद्यांना जागा आणि भांडवल. तेल, डाळ गरिबाच्या आवाक्यात. सरकारी पैशाची उधळपट्टी बंद. आणि आपल्या मायबहिणींची सुरक्षा."

"बठ्ठा घरना मत तुलेच शेतस, भाऊ," मंजुळाबाईचा दीर उखर्डू आबा म्हणाला. सगळ्या घराची मतं त्यालाच, अशा बाकीच्यांनीही माना हलवल्या.

"चार बोटं व्हयनात," मंजुळाबाई गहू पाखडता पाखडता म्हणाली. "अंगठा कोनासाठे ठेवा?"

कोणीतरी हसलं. रतिलालही हसला. हसत हसतच त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि शाईची डबी काढली.

"अंगठा वहिनीचा," तो म्हणाला. "तक्रार मागे घ्यायची. मतदानाला पंधरा दिवस राहिलेत. घरातलं भांडण पेपरात जायला नको."

"घरातलं?" वच्छला म्हणाली. "भिकन घरातला केव्हा झाला?"

"त्याच्या गल्लीत साडेतीनशे मतं आहेत, वहिनी." रतिलालने आवाज खाली घेतला, पण माइकची सवय लागलेला आवाज तो, सगळ्यांना ऐकू गेला. "आणि तुमची टपरी सरकारी जागेत आहे. आजवर मी कोणाला हात लावू दिला नाही."

त्याने तिचा हात धरला. बरोब्बर वळांवर धरला. अंगठा डबीत दाबला. निळा अंगठा कागदावर न्यायच्या आधी वच्छलाने सासूकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

"रडनं व्हई तं परसामा जाय," मंजुळाबाई म्हणाली. "गहू ओला व्हतीन."

 तिचं हे बोलणं उखर्डू आबालाही लागलं.

"पहिले मोजणी," मंजुळाबाई पुढे म्हणाली. "मंग कागद."

रतिलालने वच्छलाचा हात सोडला. आईच्या मोजणीत आडवं यायची त्या घरात कोणाची छाती नव्हती.

मंजुळाबाईने मूठ भरली. "उखर्डू." गहू सुपात पडले, वर पाव मूठ पडली. "मगन. पुना. रुपचंद." सुरतेचे चौघे झाले, चाळीसगावचे दोघे झाले. पाळण्यातल्या, अजून नाव न ठेवलेल्या पोराचीही मूठ पडली. सूप भरत आलं. मग तिने एक मूठ भरली आणि जरा थांबून म्हणाली, "नथ्थू."

"वहिनी," उखर्डू आबा हळूच म्हणाला, "नथ्थू तं..."

"माले ठाऊक शे."

तिने गहू टाकले. वरची पाव मूठही टाकली. हात झटकला, सुपावर फडकं घातलं आणि चारी टोकं खोचली.

रतिलाल वाट बघत होता. आधी त्याला वाटलं, उमेदवार म्हणून आपलं नाव शेवटी मानाने घेणार असेल. मग त्याने फडक्याकडे पाहिलं. घरातल्या माणसांकडे पाहिलं. सगळे जमिनीकडे बघत होते. उखर्डू आबाने दोन्ही हातांनी सूप उचललं आणि आत, देवघरात नेऊन ठेवलं.

"माय," रतिलाल म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडून तो शब्द निघाला. "माय, मनी मूठ राही गयी."

वच्छलाने निळा अंगठा गव्हाच्या पोत्याला पुसला. घासून घासून पुसला.

मंजुळाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. पदरावरचा भुसा झाडला. लेकाकडे तिने नीट पाहिलं, दारात आलेल्या माणसाकडे बघावं तसं.

"राही गयी नही. घरना माणसं बठ्ठा मोजायनात. तू मत मांगाले येल शे, रतिलाल. बाहेर बठ. पोरी चहा लई येतीन."