सहहिस्सेदार

"साहेबांनी विचारलं तर काय सांगायचं?" मुलुंडच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा शिवदासनं पुन्हा विचारलं.

"जमिनीचे दोन तुकडे करायला माझी हरकत नाही. राजीखुशीनं सही करतोय," म्हातारा म्हणाला.

"आणि मला अहो-जाहो नको. धाकटा भाऊ आहे मी."

म्हाताऱ्यानं मान हलवली. नवा सदरा त्याला गळ्याशी सैल होत होता. निघताना शिवदासची बायको वनमाला हिनं त्याला चहा दिला, तोही खाली मान घालून.

शिवदास राहायचा तो भांडुपचा वडिलांचा प्लॉट दोघा भावांच्या नावावर होता. शिवदासचा अर्धा भाग घ्यायला बिल्डर तयार होता, पण पोटविभागणी मंजूर होऊन मिळकत पत्रिका वेगळी निघाल्याशिवाय तो हलणार नव्हता. मोजणी झाली, नकाशा झाला. थोरल्या भाऊरावची संमती तेवढी राहिली होती. सहा वर्षांपासून भाऊराव कणकवलीला गावी असतो, एवढंच शेजाऱ्यांना ठाऊक होतं.

भूमापन कचेरीत साहेबांच्या जागी एक बाई होत्या, इरावती सामंत. त्यांनी आधार कार्डावरचा फोटो पाहिला, मग समोरचा चेहरा, मग पुन्हा फोटो.

"भाऊराव तुम्हीच?"

"हो."

"कोणी जबरदस्ती केलीय का तुमच्यावर?"

म्हाताऱ्यानं शिवदासकडे पाहिलं. शिवदासनं टेबलाखाली त्याचा गुडघा दाबला.

"नाही, बाई."

"मग फोटोत इतके वेगळे का दिसता?"

"वय झालं."

बाईंनी सही घेतली, अंगठा घेतला, कॅमेऱ्यात फोटो काढला. बाहेर आल्यावर शिवदासनं त्याला कुर्ल्याच्या बसमध्ये चढवलं.

"आता इकडे यायचं नाही," एवढंच तो म्हणाला. बस सुटायचीही वाट त्यानं पाहिली नाही.

दीड महिन्यानं मंजुरी आली. दोन तुकडे, दोन पत्रिका. वनमालानं कागद हातातही घेतला नाही.

"आता तरी झोप लागेल का तुम्हाला?" तिनं विचारलं. शिवदासनं कागद कपाटात ठेवून कुलूप लावलं.

त्या रविवारी सकाळी फाटक वाजलं. पत्र्याची पेटी घेऊन म्हातारा आत आला. दारातली वनमाला भिंतीला टेकली.

"कशाला आलात? तुमचं काम झालं ना?" शिवदास दबक्या आवाजात म्हणाला.

"माझ्या हिश्शात राहायला आलोय." म्हाताऱ्यानं खिशातून पत्रिकेची नक्कल काढली. कचेरीत स्वतः अर्ज करून घेतलेली.

"पोलिसांना बोलावतो मी."

म्हाताऱ्यानं पेटी ओट्यावर ठेवली आणि तिच्या शेजारी निवांत बसला.

"बोलाव ना, शिवा. मी तुझा भाऊ नाही, हे मीच सांगतो त्यांना. खरा भाऊराव कुठंय, ते तू सांग."