निघेल ते काढून ठेवा

"ताई, चष्मा, चप्पल, निघेल ते सगळं काढून ठेवा. पाळणा उलटा होतो," मनोरंजननगरीतला कर्मचारी म्हणाला.

मृदुलाने वाकून गुडघ्याखालचा कृत्रिम पायच काढला. त्र्यंबकराव चटकन तिला आडोसा करून उभे राहिले. रविवारी साखरपुडा होता, आणि शेजारी उभ्या भावी जावयाला त्यांनी लेकीच्या 'जुन्या दुखापती'पलीकडे काही कळू दिले नव्हते.

"बाबा, केदारला पहिल्याच भेटीत सांगितलंय मी."

"काका, हा जरा धरा. पाडू नका हं!" केदारने तो पाय त्यांच्या हाती दिला. त्याच्या आधाराने मृदुला लंगडी घालत पाळण्यात चढली.

पाळणा सुटला. सारी रांग बघत होती. वर्षानुवर्षे जगापासून लपवलेला तो पाय उराशी धरून त्र्यंबकराव थिजले. तो इतका जड असेल, हे त्यांना ठाऊकच नव्हते.