तीच पट्टी

पेटीवाले दामूअण्णा गेल्यानंतरची पहिली तालीम होती. त्यांची मुलगी शर्वाणी कीबोर्डवर बसली होती.

"माझी पट्टी काळी चार," प्रमिलाताई म्हणाल्या. "रेडिओवर गायचे तेव्हापासून तीच." रेकॉर्डी गेल्या, कॅसेटी गेल्या, रिमिक्स आली, तरी अण्णा दर कार्यक्रमात श्रोत्यांना हे अभिमानाने सांगत.

शर्वाणीने सूर दिला. अंतऱ्यावर ताईंचा आवाज फाटला. दुसऱ्यांदाही फाटला.

"अण्णा तुम्हाला काळी दोन द्यायचे," ती चाचरत म्हणाली. "दर दोन-चार वर्षांनी थोडं खाली यायचे. मला म्हणाले होते, बाईंना कळू देऊ नकोस."

प्रमिलाताई घोटभर पाणी प्यायल्या. "दे काळी दोन."

रविवारच्या कार्यक्रमात त्यांनी स्वतःच सांगितलं, "पट्टी काळी दोन. अण्णा असते, तर माझ्यासाठी खोटं बोलले असते."